न्यूटनची बादली

मुलांनो, हडपसरला तुमच्या घरी बादली आहे, दोरीही आहे. मग आयझॅक न्यूटनचा एक प्रयोग तुम्हांलाही करता येईल.

न्यूटनचा जन्म १६४२ साली इंग्लंडमधील वुल्स्थॉर्प या खेड्यात झाला. वडील त्याआधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि त्याला आजीकडे ठेवले. मुलगा एकलकोंडा झाला. पुढे तो केंब्रिजला प्राध्यापक झाला.

१६८७ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात हा प्रयोग आहे. पाण्याची बादली लांब दोरीला टांगायची, दोरीला भरपूर पीळ द्यायचा आणि बादली सोडायची. आधी फक्त बादली फिरते, पाणी सपाटच राहते. हळूहळू पाणीही फिरू लागते. मग ते मध्ये खोल जाते आणि कडेला चढते. करून पाहा, पण अंगणात! बादलीची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल आणि पाणी सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर कडेचे पाणी मधल्या पाण्यापेक्षा २ सेंटिमीटर उंच होते. वेग दुप्पट झाला, तर ८ सेंटिमीटर!

पृथ्वीही फिरते. म्हणून ती विषुववृत्तावर फुगलेली आणि ध्रुवांजवळ चपटी असणार, असे न्यूटनने त्याच ग्रंथात मांडले. फ्रान्समधील कॅसिनी यांच्या मोजणीप्रमाणे मात्र पृथ्वी ध्रुवांकडे लांबट होती. १७२७ साली न्यूटन वारला, तेव्हाही हा वाद मिटला नव्हता. १७३६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लॅपलँडच्या थंडीत गेले. तेथे त्यांनी जमीन मोजली. न्यूटनचेच बरोबर निघाले.