गजकर्णाची कुळे शोधणारे डॉ. साबुरो

गजकर्ण किंवा नायटा म्हटले की आज जांघेतला, कमरेचा किंवा काखेतला खाजणारा गोल चट्टा डोळ्यांपुढे येतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये मात्र या रोगाची धास्ती शाळकरी मुलांच्या घरांत होती. बुरशी डोक्यावरच्या केसांत शिरायची, केस मुळापाशी तुटायचे आणि टकलाचे चट्टे पडायचे. टोपी, कंगवा यांतून ती वर्गभर पसरायची. अशा मुलाला शाळेत घेत नसत. एक एक केस चिमट्याने उपटणे आणि आयोडीन चोळणे हाच उपचार होता आणि तो दीड-दोन वर्षे चाले. सेंट लुई रुग्णालयाच्या आवारात या मुलांसाठी वेगळी शाळा चालवावी लागत होती. रोगाने जीव जात नसे, पण बालपणाची वर्षे जात.

याच रुग्णालयात रेमाँ साबुरो यांनी आपली उमेद घालवली. त्यांचा जन्म १८६४ साली फ्रान्समधील नांत शहरात झाला. पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना ते पाश्चर संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिए यांच्या हाताखाली आले. बेनिए यांनीच त्यांना नायट्याच्या अभ्यासाकडे वळवले.

त्या वेळी या विषयात मोठा गोंधळ होता. दाव्हिद ग्रुबी या डॉक्टरांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सूक्ष्मदर्शकाखाली केसांतील बुरशी पाहून तिचे वेगवेगळे प्रकार वर्णिले होते. पण बड्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याकडे दुर्लक्ष केले. सगळे नायटे एकाच बुरशीचे, असा समज पन्नास वर्षे टिकला. साबुरोंनी शेकडो मुलांचे केस तपासले, त्यांतील बुरशी प्रयोगशाळेत वाढवली आणि ग्रुबी बरोबर होते हे दाखवून दिले. मुलांच्या डोक्यातला नायटा एका बुरशीचा नसून निरनिराळ्या बुरशींचा असतो. काही बुरशी माणसाकडूनच माणसाला लागतात, तर काही घोडे, गुरे यांच्याकडून येतात. जनावराकडून आलेल्या बुरशीने डोक्यावर पू भरलेली सूज येते, पण ती बहुधा लवकर निवळते. माणसांतच राहणारी बुरशी दिसायला सौम्य असते आणि चिवटपणे मुक्काम ठोकते. १८९४ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला.

बुरशी वाढवताना त्यांना एक अडचण आली. खाद्य बदलले की तीच बुरशी वेगळी दिसायची. एका प्रयोगशाळेत पांढरी आणि लोकरीसारखी, तर दुसरीत पिवळसर आणि पिठूळ. मग ओळख पटवायची कशी? साबुरोंनी उपाय शोधला तो साधा होता: सर्वांनी एकच खाद्य वापरावे. पेप्टोन, माल्टोज साखर आणि घट्टपणासाठी अगार यांचे ठरलेले मिश्रण त्यांनी सुचवले. थोड्याफार फरकाने तेच मिश्रण आज जगभर ‘साबुरो अगार’ म्हणून वापरले जाते. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळांतही ‘एसडीए’ लिहिलेल्या नळ्या दिसतात, त्यातले पहिले अक्षर त्यांचेच.

निदान सुधारले तरी मुलांची सुटका झाली नव्हती. क्ष-किरणांनी केस गळतात, हे तोवर लक्षात आले होते. बुरशी केसांतच राहते, म्हणजे केस मुळासकट गळाला की तीही जाते आणि नवा केस निरोगी उगवतो. पण मात्रा कमी पडली तर केस गळत नाहीत आणि जास्त झाली तर ते पुन्हा कधीच येत नाहीत. साबुरो आणि त्यांचे सहकारी आंरी न्वारे यांनी त्यासाठी एक छोटी चकती वापरली. तिच्यावरचे रसायन किरणांनी हिरव्याचे पिवळट-तपकिरी होई आणि ठरलेला रंग आला की यंत्र बंद करायचे. १९०४ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन वर्षांचा उपचार सुमारे तीन महिन्यांवर आला. मुले घरी परतू लागली.

१९१० साली त्यांचा नायट्यावरचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला. त्यात या बुरशींची चार कुळांत मांडणी होती. त्वचेचे डॉक्टर असूनही ते उत्तम शिल्पकार होते. सगळेच अंदाज मात्र खरे ठरले नाहीत. टक्कल एका जंतूमुळे पडते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या क्ष-किरणांची खरी किंमत नंतर कळली. ही पद्धत अनेक देशांत लाखो मुलांवर वापरली गेली. काही दशकांनी इस्रायलमध्ये अशा मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा त्यांच्यात मेंदूच्या आणि थायरॉइडच्या गाठी अधिक आढळल्या. तोवर सुरक्षित पर्यायही आला होता. साबुरोंच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, १९३९ मध्ये, ग्रिसिओफल्विन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५८ पासून ते नायट्यावर पोटातून देण्यात येऊ लागले. क्ष-किरणांची गरज संपली.

साबुरोंचा मुख्य धडा मात्र आजही ताजा आहे: आधी बुरशी ओळखा, मग औषध द्या. गेल्या काही वर्षांत भारतात नायटा हट्टी झाला आहे. २०२० मध्ये जपानमधील शास्त्रज्ञांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांतील एका बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. नेहमीच्या टर्बिनाफिन औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. त्यात भर पडते ती दुकानातून परस्पर घेतलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांची. त्यांनी दोन दिवसांत खाज आणि लाली कमी होते, पण बुरशी आतून पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते की डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण जाते.

म्हणून चट्टा दिसताच मलम लावण्याऐवजी आधी तो डॉक्टरांना दाखवावा. कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी सरकारी रुग्णालयांतही होते. औषध सांगितले तितके दिवस घ्यावे, खाज थांबली म्हणून सोडू नये. टॉवेल, कंगवा, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, कपडे उन्हात वाळवावेत. आणि घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर त्यालाही सोबत न्यावे, नाहीतर बरा झालेला नायटा पुन्हा उंबऱ्याआत येतो.