ठेका धरला म्हणून दुरावलेला सॅक्सोफोन

लग्नसराईत बोरी अरबला गेलात, तर वरात दिसायच्या आधी ऐकू येते. गाडीवर रचलेले स्पीकर, कीबोर्ड, पॅड आणि छातीत धडधडणारा ठेका. धुमाल! तुमच्या आईबाबांची वरात मात्र बहुतेक बँडपार्टीने आणली असेल. चकचकीत बटणांचे लाल डगले, ट्रम्पेट, क्लॅरोनेट, गळ्यात अडकवलेला मोठा ढोल आणि त्यात एक वाकड्या तोंडाचा पितळी सॅक्सोफोन. घरातल्या मोठ्यांना विचारा, धुमालाने बँडची सगळी मजा घालवली असं ते सांगतील. तुम्हाला विचारलं, तर बँडवर धड नाचता तरी येतं का, असं तुम्ही म्हणाल.

हाच वाद ५५-६० वर्षांपूर्वी अमेरिकेत एका सॅक्सोफोनवाल्याच्या वाट्याला आला होता. त्याचं नाव अल्बर्ट आयलर. बँडचा सूर त्याच्या रक्तात होता, त्याने तो मोडूनतोडून नवा केला आणि शेवटी नाचायचा ठेकाही धरला. त्या ठेक्यापायी त्याची जुनी माणसं मात्र दुरावली.

आयलरचा जन्म १३ जुलै १९३६चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातला. घर कृष्णवर्णीय, कष्टकरी आणि देवभोळं. वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवायचे. पोराला त्यांनीच शिकवलं आणि चर्चमध्ये शेजारी उभं करून सोबत वाजवायला लावलं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, म्हणजे आपल्याकडे दहावी-अकरावीच्या वयात, तो लिटल वॉल्टर या नावाजलेल्या ब्लूज कलाकाराच्या ताफ्याबरोबर उन्हाळी सुट्टीत गावोगाव फिरला. ब्लूज म्हणजे साध्या कष्टकरी लोकांचं नाचगाणं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५८मध्ये तो सैन्यात भरती झाला. तिथे बंदुकीपेक्षा बँडच जास्त. त्याची नेमणूक फ्रान्समध्ये झाली आणि फौजी संचलनाच्या धून त्याच्या कानात कायमच्या बसल्या. १९६१ला तो सैन्यातून सुटला, तेव्हा त्याचं वाजवणं पार बदललेलं होतं. रीडची पट्टी कडक, फुंक दांडगी आणि सूर असा थरथरणारा की माणूस रडतोय की हसतोय ते कळू नये. अमेरिकेत कुणी त्याला सोबत वाजवू देईना. मग तो स्वीडनला गेला आणि १९६२मध्ये स्टॉकहोममध्ये त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं.

पुढे तो न्यूयॉर्कला आला. १० जुलै १९६४ रोजी त्याने फक्त दोन साथीदारांना घेऊन ‘स्पिरिच्युअल युनिटी’ हा अल्बम रेकॉर्ड केला. गॅरी पीकॉक बासवर, सनी मरे ड्रमवर. मरे ठेका धरतच नव्हता. तो झांजांवर लाटा उठवायचा आणि आयलर त्या लाटांवर स्वार व्हायचा. या प्रकाराला फ्री जॅझ म्हणतात. ठरलेला ताल नाही, ठरलेली चौकट नाही.

पण गंमत बघा. या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आयलरच्या धून मात्र अगदी साध्या असायच्या. लहान पोर गुणगुणेल अशा, चर्चमधल्या प्रार्थनेसारख्या, फौजी बँडसारख्या. आधी धून सरळ वाजवायची, मग तिच्या चिंध्या करायच्या आणि शेवटी तीच धून हलक्या हाताने परत आणून ठेवायची. एखादी बँडपार्टी वरातीतून निघाली, वादळात सापडली आणि तरीही मांडवापर्यंत पोचली, असं ते ऐकताना वाटतं.

त्या काळात सॅक्सोफोनचा सगळ्यात मोठा माणूस होता जॉन कोल्ट्रेन. त्याने या पोराला ओळखलं, पैशांची मदत केली आणि इम्पल्स या आपल्या रेकॉर्ड कंपनीकडे त्याची शिफारस केली. जुलै १९६७मध्ये कोल्ट्रेन वारला. त्याच्या अंत्यविधीला आयलर वाजवायला उभा राहिला. वाजवता वाजवता त्याने दोनदा सॅक्सोफोन तोंडातून काढला आणि नुसताच ओरडला. त्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं.

आणि मग आलं १९६८. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहरं पेटली. कृष्णवर्णीय तरुणाई जेम्स ब्राऊनच्या फंकवर नाचत होती, त्यात आपली ताकद शोधत होती. आणि कृष्णवर्णीय माणसाच्या वेदनेतून आलेलं आयलरचं संगीत ऐकायला कोण होतं? छोट्या क्लबांमधले मोजके श्रोते. ज्यांच्यासाठी वाजवायचं, तीच पोरं समोर नाहीत. घरातही घाव बसला होता. त्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा धाकटा भाऊ डोनाल्ड मनाने आजारी पडला आणि बँडमधून बाहेर गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयलरने ‘न्यू ग्रास’ रेकॉर्ड केला. ड्रमवर बर्नार्ड पर्डी, ठेका असा पक्का की घड्याळ लावून घ्यावं. इलेक्ट्रिक बास, मागे कोरस गाणारे, शब्द बरेचसे जोडीदारीण मेरी मारिया पार्क्सचे आणि गायला स्वतः आयलर. पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये तर कॅन्ड हीट या रॉक बँडचा हेन्री व्हेस्टिन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि आयलरने बॅगपाइपही वाजवली.

झालं! जुने चाहते चिडले. हा विकला गेला, असा ठपका बसला. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या नाचणाऱ्या पोरांनीही रेकॉर्ड उचलली नाही. कंपनीने त्याला हे करायला लावलं की ते त्याच्याच मनातलं होतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. काही झालं तरी कंपनीनेही शेवटी हात काढून घेतला.

आता तुम्ही स्वतः ऐकून ठरवा. माझं मत विचाराल, तर ‘न्यू ग्रास’ त्याचं सगळ्यात चांगलं काम नाही. काही गाणी फिकी आहेत, त्याचा गळाही काही गायकाचा नव्हता. पण मधेच सॅक्सोफोन उसळतो, पर्डीच्या काटेकोर ठेक्यावर तोच जुना थरथरता सूर धावत येतो आणि अंगावर काटा येतो. याला बेइमानी म्हणायचं? सोळाव्या वर्षी ब्लूजच्या ताफ्याबरोबर फिरलेला पोरगा ठेक्याकडे वळला, तर तो घरीच परत येत होता ना! आधी ठेका सोडण्याची हिंमत त्याने केली होती. परत धरायलाही तेवढीच हिंमत लागली असणार, कारण या वेळी टाळ्या वाजवणारे कुणीच नव्हते.

जुलै १९७०मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या माग फाउंडेशन या कलासंस्थेत त्याच्या मैफली झाल्या. तिथे श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. तो जुनं वाजवत होता, नवं गात होता आणि कुणी त्याला दोन्हीतलं एक निवड म्हणत नव्हतं. चारच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९७० रोजी, न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत त्याचा मृतदेह सापडला. वय फक्त ३४. त्याच्या मृत्यूभोवती पुढे खूप अफवा उठल्या. त्यांच्या मागे लागू नका, त्याच्या सुरांच्या मागे लागा.

तुमच्यापैकी कुणी आज कविता सोडून रॅप करत असेल, कुणी शास्त्रीय शिकून ऑर्केस्ट्रात वाजवत असेल. घरचे म्हणतील वाया गेला, मित्र म्हणतील जमत नाही. तेव्हा आयलरची गोष्ट आठवा. ठेका धरला की सोडला, याने माणूस खरा-खोटा ठरत नाही. त्या ठेक्यावर जो सूर उमटतो, तो तुमचा आहे का, एवढंच तपासा.

आणि पुढच्या वेळी दारव्हा-बोरीकडे एखाद्या वरातीत धुमालाच्या मागे एखादा म्हातारा सॅक्सोफोनवाला दिसला, तर नाचता नाचता दोन मिनिटं त्याच्याजवळ थांबा. कीबोर्डच्या वरताण त्याचा सूर चढवायची त्याची धडपड चाललेली असेल. ती ऐका.