वळसंगची विहीर आणि उन्हातली तहान

एप्रिल तापू लागला की आमच्या सरकारी रुग्णालयात ऊन लागलेले रुग्ण येऊ लागतात. चक्कर, उलट्या, पोटऱ्यांत गोळे. एखाद्याचा ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेला आणि तो असंबद्ध बडबडत असतो. आम्ही ठरलेलं सांगतो: डोकं झाका, बारा ते चार सावलीत राहा, तहान लागायच्या आधी पाणी प्या. सगळे मान डोलावतात. चार दिवसांनी त्याच वस्तीतलं दुसरं कुणी येतं. लोकांना कळत नाही, असं मला अनेक वर्षं वाटत होतं. मग वळसंगकडच्या एका मजूर बाईंना मी जरा रागावूनच विचारलं, पाणी का पीत नाही म्हणून. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, की रानात आडोसा नाही. पाणी प्यायलं की जायचं कुठे?

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या याच वळसंगात, 1937 च्या एप्रिलमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्य वस्तीने स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी प्यायले. बाबासाहेबांचं चरित्र आपण कायदा, घटना, धर्म या अंगांनी वाचतो. मला मात्र आता त्यात ऊन आणि पाणी दिसत राहतं.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूच्या लष्करी छावणीतला. सातारला शिकत असताना, 1901 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले. वडील रामजी तिथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर मुलं उतरली, पण निरोप न पोचल्याने न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळताच गाडीवाले नाही म्हणाले. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. सोबत जेवण भरपूर होतं, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही. पाण्याविना घास उतरेना, म्हणून मुलं उपाशीच झोपली. लहान मुलांच्या अंगातलं पाणी मोठ्यांपेक्षा लवकर आटतं. पाण्याची गरज त्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको होती.

कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण करून ते परतले. 1923 मध्ये बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे मुंबई इलाख्यात कागदावर सर्वांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, तरी पाण्याला हात लावायला कुणी धजावेना. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि मागून लोक तळ्यात उतरले. त्यांना मार खावा लागला, तळ्याचं शुद्धीकरण झालं, खटला दहा वर्षं चालला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात तो जिंकला आणि पुढच्याच महिन्यात वळसंग. माणसं सवय कशी बदलतात, यावर आम्हा डॉक्टरांची व्याख्यानं होत असतात. त्यापेक्षा महाड वाचावं, असं माझं मत झालंय. परवानगी होती, माहिती होती. कमी होतं ते कुणीतरी आधी पिऊन दाखवणं आणि पिणाऱ्याला संरक्षण.

उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. तो भरून निघाला नाही तर घाम कमी होतो, अंग तापत जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. खिशातला कांदा याला काही करू शकत नाही (त्यावरून घरी माझे वाद झाले आहेत). पाणी, सावली आणि थांबायची मुभा, एवढंच चालतं. यातली थांबायची मुभा मालकाच्या हातात असते. 1942 ते 1946 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी नेमकं तेच धरलं: कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारी दुरुस्ती 1946 मध्ये झाली. शेतमजूर मात्र कारखान्याच्या कायद्यात येत नाही. उक्तं काम घेतलेली बाई भर दुपारी खुरपत राहते, कारण सावलीत बसलेल्या तासाचे पैसे तिचेच जातात.

पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला. ते लिहिलं जात होतं त्या काळात बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासलं होतं, पाय दुखत होते. जुन्या मधुमेहात घाम येण्याची व्यवस्थाही बिघडू शकते आणि असा माणूस उन्हाला लवकर बळी पडतो. उन्हाळ्यात अशा रुग्णांवर आम्ही जास्त लक्ष ठेवतो. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत, झोपेतच त्यांचं निधन झालं.

त्या मजूर बाई पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. या वेळी मी पाण्याचं बोललो नाही. रान कुणाचं, किती बायका जातात, बांधावर झाड आहे का, चार बांबू आणि एक जुनी साडी लावून आडोसा करता येईल का, एवढं विचारलं. मुकादमाला विचारते म्हणाल्या.