शंभर मैलांची गॅरंटी

मागच्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात आमच्या हॉस्टेलवर एका रात्री ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ लावला होता. १९६२ सालचा, पावणेचार तासांचा सिनेमा. जर्नल कुणाचंच पूर्ण नव्हतं, त्यामुळे प्रेक्षक भरपूर! वाळवंट, उंट आणि लढाया बघायला म्हणून बसलो, तर सुरुवातीलाच पडद्यावर आली एक मोटरसायकल. एक माणूस ती सुरू करतो, सुसाट निघतो आणि काही मिनिटांत त्याचा खेळ खलास. बाकीची पोरं पुढचा सिनेमा बघत राहिली, मी मात्र त्या गाडीपाशीच अडकलो. त्याला कारणही होतं, पण ते शेवटी सांगतो.

मी पडलो मेकॅनिकलचा. त्यामुळे आधी गाडी शोधली, मग गाडीवरचा माणूस सापडला.

थॉमस एडवर्ड लॉरेन्स. जन्म १६ ऑगस्ट १८८८, वेल्समधला. वडिलांनी पहिलं कुटुंब सोडून, नाव बदलून नवा संसार थाटला होता. म्हणजे ‘लॉरेन्स’ हे आडनावच मुळात उसनं. पोराला जुन्या किल्ल्यांचं वेड. शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत सायकलवरून फ्रान्समधले किल्ले पालथे घातले. ऑक्सफर्डला इतिहास शिकत असताना १९०९ साली सिरियात सुमारे हजार मैल पायी हिंडून क्रुसेडच्या काळातले किल्ले बघितले आणि त्यावर प्रबंध लिहिला. आपल्याकडे ट्रेकला जाणारे पुष्कळ असतात, पण ट्रेकवर फर्स्ट क्लास मिळवणारा हाच!

पहिल्या महायुद्धात अरबी येणारा माणूस म्हणून सैन्याने त्याला कैरोला नेमलं. १९१६ साली अरबांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा हा त्यांच्यात जाऊन मिसळला. रेल्वेचे रूळ उडवणे, अचानक छापा घालून वाळवंटात पसार होणे, असा सगळा गनिमी कावा. जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर घेतलं, ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस पडलं. पण युद्ध संपल्यावर अरबांना दिलेली स्वातंत्र्याची वचनं बाजूला ठेवून ब्रिटन आणि फ्रान्सने प्रदेश वाटून घेतले. लॉरेन्सला ते फार लागलं. जग त्याला हीरो म्हणत होतं आणि त्याला मात्र स्वतःची लाज वाटत होती.

मग त्याने जे केलं त्याला जवाब नाही. ऑगस्ट १९२२ मध्ये हा कर्नल हुद्द्याचा माणूस ‘जॉन ह्यूम रॉस’ या खोट्या नावाने हवाईदलात अगदी खालच्या पायरीवर भरती झाला. म्हणजे आपल्या एच.ओ.डी. सरांनी नाव बदलून फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन घेण्यासारखंच! पेपरवाल्यांनी शोधून काढलं, १९२३ च्या जानेवारीत त्याला बाहेर पडावं लागलं. लगेच मार्चमध्ये ‘शॉ’ नावाने रणगाडा दलात शिपाई. दोन वर्षांनी पुन्हा हवाईदल. या सगळ्या भानगडीत त्याची एकच गोष्ट टिकून राहिली. ती म्हणजे ‘ब्रफ सुपीरियर’.

आता थोडं गाडीबद्दल. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफने १९१९ च्या सुमारास हा कारखाना काढला. त्याचे वडीलही मोटरसायकली बनवायचे आणि त्यांच्या गाडीचं नावही ब्रफच. मुलाने आपल्या गाडीला ‘सुपीरियर’ जोडल्यावर वडिलांची कोणती ठरली, ते सांगायला नको. गंमत म्हणजे गाडीतले बरेचसे मुख्य भाग बाहेरून घेतलेले असायचे. इंजिन जे.ए.पी. कंपनीचं, गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरचा. जॉर्जचं कसब होतं ते उत्तम भाग निवडण्यात आणि जुळणीत. प्रत्येक गाडी आधी पूर्ण जोडायची, सगळं नीट बसतंय का बघायचं, मग खोलून रंग-पॉलिश करून पुन्हा जोडायची. आपण वर्कशॉपमध्ये एकच जॉब एकदा करताना रडतो, तो माणूस प्रत्येक गाडी दोनदा बांधायचा. १९४० पर्यंत जेमतेम ३००० गाड्या झाल्या. लोक तिला मोटरसायकलमधली रोल्स-रॉइस म्हणायचे, ते उगीच नाही.

१९२४ साली आली एस.एस. १००. सुमारे १००० सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, वजन १८० किलोच्या आसपास. नावातला १०० म्हणजे ताशी १०० मैल, आपले १६० किलोमीटर. प्रत्येक गाडीची चाचणी घेऊन तशी लेखी हमी मिळायची. १९२४ साली! एवढा वेग असूनही ती निव्वळ रेसची गाडी नव्हती, लांबच्या प्रवासाची होती. कमी आर.पी.एम.लाच भरपूर टॉर्क, त्यामुळे चढावर सारखा गिअर बदलायची कटकट नाही. लांब आणि बसकी बांधणी, त्यामुळे सरळ रस्त्यावर एकदम ठाम. मात्र सुरुवातीच्या मॉडेलला मागे सस्पेन्शन नव्हतं, खड्ड्याचा हिशोब सीटखालच्या स्प्रिंगनेच चुकवायचा. आणि ब्रेक? तेच जुन्या पद्धतीचे ड्रम. वेग दुप्पट केला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे आपण अकरावीत शिकलो. इंजिन काळाच्या पुढे होतं, ब्रेक काळाबरोबरच होते. चालवणाऱ्याने हे ओळखूनच हात राखायचा.

लॉरेन्सने अशा एकूण सात ब्रफ वापरल्या, आठवीची ऑर्डर दिलेली होती. सप्टेंबर १९२६ पर्यंतच पाच गाड्यांवर मिळून एक लाख मैल झाले होते. गाडीला तो लाडाने बोअनर्जीस म्हणायचा, बायबलमधल्या या शब्दाचा अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. एकदा तर त्याने रस्त्यावरून विमानाशी शर्यत लावली आणि त्यावर झकास लिहूनही ठेवलं. मला वाटतं, ज्या माणसाला स्वतःचं नाव नको झालं होतं, त्याला त्या वेगात काही वेळ तरी कुणीच नसल्याचं सुख मिळत असेल.

१९२७ आणि १९२८ ही दोन वर्षं तो तेव्हाच्या हिंदुस्थानात, कराचीच्या ड्रिघ रोड तळावर आणि नंतर मिरानशाहला होता. कराचीला विमानांच्या इंजिन दुरुस्तीच्या विभागात त्याचं कारकुनी काम. परतल्यावर प्लिमथजवळच्या तळावर बदली झाली. तिथे फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत एक समुद्री विमान पाण्यात कोसळून माणसं गेली. हवाईदलाच्या बोटी तेव्हा फार मंद होत्या. हा इतिहासाचा पदवीधर मग चक्क इंजिनिअरिंगला लागला. पाणी कापत जाण्याऐवजी वेगात पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाईल अशा बुडाच्या बोटी तयार होत होत्या, त्यांच्या चाचण्यांत तो राबला, इंजिनं खोलली, माहितीपुस्तिका लिहिली. दुसऱ्याचे जीव वाचवायला काही मिनिटं कमी कशी करता येतील, हा त्याचा शेवटच्या वर्षांतला ध्यास होता.

फेब्रुवारी १९३५ मध्ये तो निवृत्त झाला. १३ मे रोजी पोस्टात तार करून ब्रफवरून घरी परतत होता. रस्ता ओळखीचा, अंतर थोडं. उताराच्या पलीकडे सायकलवर दोन मुलं दिसली, त्यांना चुकवताना तोल गेला आणि तो हँडलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं, तेव्हा फारसं कुणी घालत नसे. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो गेला. वय ४६. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सापडली असं चरित्रांत वाचायला मिळतं, म्हणजे वेग शंभर मैलांच्या आसपाससुद्धा नव्हता.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. हे मरण त्याच्या मनातून गेलं नाही. त्याने अपघातांची आकडेवारी गोळा केली. १९४१ च्या त्याच्या निबंधात हेल्मेट घातलेले जखमी जेमतेम सात होते, पण सातही वाचले होते. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी कायदा यायला १९७३ उजाडलं. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १२९ वं कलम तेच सांगतं आणि आपण चौकातला मामा बघून ते पाळतो!

आता ते कारण. सिनेमाच्या दोन महिने आधी माझा रूमपार्टनर माझी गाडी घेऊन झेरॉक्स काढायला निघाला होता. हेल्मेट शोधत होता. मीच म्हणालो, “अरे, गेटपर्यंत तर जायचंय, चल लवकर.” गेटच्या वळणावर बारीक खडीवरून गाडी घसरली. वेग तीससुद्धा नसेल. तो वाचला, पण तीन दिवस मला ओळखत नव्हता आणि त्याचं ते अख्खं सेमिस्टर गेलं. हेल्मेट माझ्या कपाटावर होतं.

नंतर एका रात्री मी गणित मांडलं. डोकं ताशी २० किलोमीटरने आपटलं आणि थांबायला ३ मिलिमीटर मिळाले, तर धक्का गुरुत्वाच्या सुमारे ५२५ पट. तेच हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलने ३ सेंटिमीटर दिले, तर साधारण ५२ पट. सगळी करामत त्या तीन सेंटिमीटरची. व्ही स्क्वेअर बाय टू एस, परीक्षेत दोन मार्कांना येतं.

जॉर्ज ब्रफने गाडीची गॅरंटी दिली आणि ती शंभर टक्के पाळली. माणसाची गॅरंटी कुठलाच कारखाना देत नाही. पार्टनर आता बरा आहे, या सेमिस्टरला माझ्या एक वर्ष मागे बसतो. हल्ली गाडी मागायला आला की मी आधी हेल्मेट हातात देतो, मग किल्ली. तो हसतो आणि मला चिडवायला लॉरेन्स म्हणतो. म्हणू दे.