ज्याने शब्दकोड्याला वाकड्यात शिरायला शिकवले

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले कोडे छापून आले. दहा-बारा वर्षांत हे वेड इंग्लंडला पोचले. तेव्हाची कोडी सरळ होती. अर्थ द्यायचा, शब्द ओळखायचा. शब्दकोश हाताशी असला की काम भागे. या सरळ खेळाला वाकडी वाट दाखवली ती एडवर्ड पॉविस मॅथर्स या कवीने.

मॅथर्स यांचा जन्म १८९२ मध्ये लंडनमध्ये झाला. शिक्षण ऑक्सफर्डला. त्यांचे पहिले प्रेम पौर्वात्य काव्यावर होते. ‘अरबी सुरस कथां’च्या फ्रेंच भाषांतरावरून त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर आजही वाचले जाते. त्याआधी, १९१९ मध्ये, त्यांनी बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे मुक्त रूपांतर केले होते. बिल्हण अकराव्या शतकातला काश्मिरी कवी. तो पुढे दख्खनमध्ये आला आणि कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी राहिला. त्याच्या या काव्यातला प्रत्येक श्लोक ‘अद्यापि’ या शब्दाने सुरू होतो. राजकन्येवर प्रेम केल्याबद्दल देहदंड झालेला कवी मरणाच्या दारात तिची आठवण काढतो, अशी त्यामागची दंतकथा. मॅथर्स यांच्या या रूपांतरातल्या ओळी पुढे जॉन स्टाइनबेकने आपल्या ‘कॅनरी रो’ कादंबरीत वापरल्या. म्हणजे कोडी नसती, तरी या माणसाचे नाव राहिले असते.

१९२६ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात त्यांची कोडी येऊ लागली. खाली सही असे ‘टॉर्केमाडा’. पंधराव्या शतकात स्पेनमध्ये धर्मद्रोह्यांचा छळ करणाऱ्या पहिल्या मुख्य न्यायाधीशाचे हे नाव. वाचकांचा छळ करणार, हे मॅथर्स यांनी सहीतच सांगून टाकले होते. त्याच नावाने ते ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रहस्यकथांची परीक्षणेही लिहीत.

त्यांच्या कोड्यातला संकेत सरळ अर्थ देत नसे. हा प्रकार मराठीत करून पाहिला तर सहज कळतो. समजा, संकेत असा आहे: ‘गरीब उलटला की पाणी वाहते (दोन अक्षरे)’. वाचताच डोळ्यांसमोर चिडलेला माणूस आणि पाण्याचे लोट येतात. कोडे घालणाऱ्याला तेच हवे असते. गरीब म्हणजे ‘दीन’. तो उलटा केला की ‘नदी’. एका अंगाने अक्षरांचा खेळ, दुसऱ्या अंगाने उत्तराचा अर्थ. दोन्ही जुळले की शंका उरत नाही.

अशा संकेतापुढे मेंदू अडतो, कारण वाक्याचा रोजचा अर्थ आधी लागतो आणि तो सोडवत नाही. त्याच त्या वाटेने कितीही डोके चालवले तरी उपयोग होत नाही. पकड सैल झाली, शब्द सुटे दिसू लागले, की उत्तर एकदम उजाडते. इंग्लंडमधल्या बकिंगहॅम विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी या कोड्यांत तरबेज असलेल्यांचा अभ्यास केला. त्यांत गणित, विज्ञान आणि संगणक क्षेत्रातली माणसे बरीच निघाली. हा निव्वळ भाषेचा खेळ नाही, असाच याचा अर्थ.

मॅथर्स यांची गोम वेगळीच होती. अनेकदा ते संकेतातला अर्थाचा भाग गाळून टाकत किंवा एखाद्या आडवळणाच्या काव्यपंक्तीवर सगळे सोपवत. मग उत्तर सापडले तरी तेच बरोबर आहे याची खात्री पटत नसे. तरीही पत्रांचा ओघ आटला नाही. शब्दांची यादी ते करत, ते शब्द चौकटीत बसवण्याचे किचकट काम पत्नी रोझामंड करत, आणि मग मॅथर्स संकेत लिहीत. काळ्या घरांऐवजी जाड रेघा वापरून त्यांनी चौकटीतले जवळपास प्रत्येक घर कामाला लावले. तेरा वर्षांत अशी सुमारे ६७० कोडी झाली. फेब्रुवारी १९३९ मध्ये, अवघ्या ४६ व्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या मागून आलेले डी. एस. मॅकनट हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक. त्यांनीही स्पेनच्या दुसऱ्या एका छळाधिकाऱ्याचे नाव घेतले, ‘झिमेनेस’. पण शिस्त उलटी लावली. वाचकाला फसवा, मात्र शब्दन् शब्द तपासला तर संकेत खरा निघाला पाहिजे, अर्थ आणि अक्षरांचा खेळ दोन्ही हवेत. १९६६ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिले. आज इंग्रजीतली बहुतेक क्रिप्टिक कोडी या नियमांच्या आसपास चालतात. टॉर्केमाडाची मूळ कोडी आज सोडवायला घेतली तर अनुभवी माणूसही हात टेकतो, आणि दोष त्याचा नसतो.

कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. टळतो असे सिद्ध झालेले नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मात्र, स्मृती थोडी मंदावलेल्या १०७ जणांपैकी काहींना संगणकावर शब्दकोडी दिली, काहींना मेंदूला व्यायाम देणारे संगणकीय खेळ. ७८ आठवड्यांनंतर कोडीवाल्यांची स्थिती अधिक बरी होती. काहीच न करणाऱ्यांचा गट त्यात नव्हता, हे विसरू नये. आणि कोडी मध्यम अवघड होती; टॉर्केमाडाच्या जातीची नव्हेत.

त्यांचा सर्वांत मोठा छळ मात्र चौकटीबाहेरचा होता. १९३४ मध्ये त्यांनी शंभर पानांची एक खूनकथा छापली, ‘केन्स जॉबोन’. पाने मुद्दाम चुकीच्या क्रमाने लावलेली. योग्य क्रम लावायचा आणि सहा खुनांत कोणी कोणाला मारले ते सांगायचे. शंभर पाने किती प्रकारे लावता येतात? उत्तर १५८ आकडी संख्या आहे. दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज ८० आकड्यांच्या आसपास थांबतो. म्हणजे संगणकाला नुसते सगळे क्रम तपासायला लावून भागत नाही. वाचावे लागते, कविता ओळखाव्या लागतात, कोण बोलतो आहे ते ताडावे लागते. त्या काळी बक्षीस मिळाले दोघांना. २०१९ मध्ये पुस्तक पुन्हा निघाले आणि करोनाच्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या जॉन फिनेमोर या विनोदी लेखकाने ते सोडवले. नव्या आवृत्तीतही उत्तर छापलेले नाही.