रस्त्याकडेच्या फुलांसाठी लढलेली बाई

गावच्या रस्त्याच्या साइडपट्टीवर जे काही उगवतं त्याला आपण एकच नाव देतो, तण! कापायला मजूर मिळत नाही, मग पंप पाठीला लावायचा, तणनाशक मारायचं, की काम झालं. हेच काम अमेरिकेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी टँकर लावून झालं होतं. त्याचा जाब एका बाईनं विचारला. तिची ही हकिगत.

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावचा. आईनं बोट धरून रानात फिरवलं, पाखरं आणि फुलं ओळखायला शिकवलं. १९३२ साली त्या प्राणिशास्त्रात एम.ए. झाल्या. पुढं शिकायचं होतं, पण घरची ओढाताण! १९३५ साली वडील गेले, १९३७ साली बहीण गेली. तिच्या दोन मुली आणि म्हातारी आई, सगळ्यांचा भार बाईंवर आला. सरकारी मत्स्य खात्यात नोकरी करत त्या लिहीत राहिल्या. १९५१ साली समुद्रावरचं त्यांचं पुस्तक गाजलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

१९५८ साली एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारलं आणि तिच्या अंगणातली पाखरं मेली. बाईंनी माहिती गोळा करायला सुरुवात केली. त्यातून १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक निघालं.

त्यातला रस्त्याकडेचा भाग आपल्या कामाचा आहे. मेन राज्यातल्या रस्त्यांच्या कडा पूर्वी रानफुलांनी आणि झुडपांनी भरलेल्या असत. फवारणीनंतर तिथं करपलेला पाला उरला. बाईंनी दाखवून दिलं, की रानमाश्यांना खायला परागकण आणि घर करायला जागा याच पट्ट्यांत मिळते. शेत तर आपण साफ ठेवतो, मग माश्यांनी जायचं कुठं? माशी गेली की फळ धरणार कसं?

जनावरांचंही त्यांनी लिहिलं. फवारलेली काही विषारी झाडं सुकताना जनावरांना गोड लागतात. एरवी तोंड न लावणारी गायसुद्धा ती खाते आणि जिवाला मुकते.

पण नुसती तक्रार करून त्या थांबल्या नाहीत, उपायही सांगितला. फ्रँक एगलर या वनस्पतिशास्त्रज्ञाची पद्धत त्यांनी लोकांसमोर ठेवली. विजेच्या तारांखाली अडचण होते ती उंच झाडांची, झुडपांची नव्हे. म्हणून सरसकट फवारा मारायचा नाही. अडणारं झाड तेवढं हेरायचं, औषध त्याच्याच बुंध्याला लावायचं. बाकीची झुडपं राखायची. दाट झुडपांत झाडाचं नवं रोप सहसा तग धरत नाही. सरसकट फवारलं तर जमीन उघडी पडते, नवी रोपं उठतात आणि पुन्हा फवारणीचा खर्च बसतो. म्हणजे झुडूप हे फुकटचं राखणदारच की!

औषध कंपन्या खवळल्या. बाईला काय कळतं, असा सूर निघाला. औषध कधीच वापरू नका, असं बाईंचं म्हणणं नव्हतं. समजून-उमजून वापरा, एवढंच होतं. त्या वेळी कर्करोग त्यांना आतून पोखरत होता. तो त्यांनी लोकांपासून लपवून ठेवला. घरी भाचीचा पोरका मुलगा सांभाळायला होता. तरी १९६३ च्या जूनमध्ये त्या संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेल्या. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

फळ त्यांनी पाहिलं नाही. १९७२ साली अमेरिकेत शेतीतलं डीडीटी बंद झालं. रस्त्याकडेला आणि तारांखाली मारलं जाणारं २,४,५-टी हे तणनाशक १९७९ साली तातडीनं थांबवलं गेलं. २०१५ च्या तिथल्या रस्ते कायद्यात माश्या-फुलपाखरांसाठी कडा राखायला उत्तेजन दिलं गेलं.

आता आपल्याकडे या. कांद्याचं बी धरायला माशी लागते, सूर्यफुलाचे दाणे भरायलाही लागते. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला, की आधी यादी करा. गाजरगवत आणि घाणेरी मूळची अमेरिका खंडांतली. ती जरूर काढा, गाजरगवत तर फुलायच्या आत उपटा. वळणावर दिसण्याच्या आड येणारं कापा. गटार मोकळं ठेवा. पण तरवडासारख्या गावरान झाडांना फुलून बी पडेपर्यंत हात लावू नका. पंप उचलण्याआधी एवढं केलंत, तर पंचायतीचा पैसाही वाचेल आणि माशीही.