गावकुसापासून गिरणीपर्यंत

जात म्हणजे वंशभेद, असे विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक विद्वान मानीत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीचे मूळ रक्तात नसून जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे, असे प्रतिपादन केले. जे समाजाने घडविले ते समाजाला मोडताही येते, हा त्या निष्कर्षाचा राजकीय अर्थ होता.

गावगाड्याच्या जाचातून शहर सोडवील, ही आशा त्यांनाही होती. भाबडेपणा मात्र नव्हता. मुंबईच्या कापडगिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्यांना विणकाम खाते, आणि तेथील अधिक वेतन, बंद होते. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या बाबासाहेबांनी १९३८ च्या संपात कम्युनिस्टांना साथ दिली. पण कामगारांतील हा भेद झाकू दिला नाही.

या बंधनाला आधार होता तो धर्माचा. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. शहरात खोली भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, तोवर त्यांचा सिद्धांत केवळ अभ्यासक्रमात ठेवून भागणार नाही.